बेलारूत न वाजलेला इशारा

१

फाइल नाहीशी झाल्याचं मंगळवारी सकाळी नऊला कळलं, आणि साडेनऊला प्रितम रामटेकेच्या कार्डाने ऑफिसचं दार उघडेना. काचेच्या आत रिसेप्शनची मुलगी बसली होती. रोज हात करणारी ती मुलगी त्या दिवशी मान खाली घालून कीबोर्ड बडवत राहिली. मग फोन आला: घरी जा, लॅपटॉप उघडू नकोस, पत्र मेलवर येईल.

प्रितम नागपूरचा. चार वर्षांपासून अ‍ॅरिझोनातल्या चँडलरमध्ये, साउथलाइन नावाच्या कंपनीत कामाला होता. काम ऐकून लोकांना गंमत वाटायची. ऑस्ट्रेलियातल्या अकरा लहान गावांच्या रेडिओ स्टेशनांवर कोणतं गाणं कधी वाजणार, हे तो चँडलरमध्ये बसून ठरवायचा. त्या गावांत आता स्टुडिओ उरलेच नव्हते. एक कुलूपबंद खोली, तिच्यात एक संगणक आणि जवळच्या टेकडीवर ट्रान्समीटर, एवढंच. सकाळी लोकांना 'गुड मॉर्निंग' म्हणणारा ल्यूक हा माणूसच नव्हता, संगणकाने बनवलेला आवाज होता. अकराही गावांना तो त्यांच्याच गल्लीतला असल्यासारखा बोलायचा.

त्यातल्या बेलारू नावाच्या गावात शनिवारी दुपारी वणवा शिरला. अकरा घरं जळाली आणि एक बाई गेली. अग्निशमन खात्याने दुपारी दोन एकवीसला स्टेशनकडे इशारा पाठवला होता. असा इशारा आला की चालू गाणं मध्येच तोडून तो वाचला जायला हवा. बेलारूत गाणीच वाजत राहिली. तिथल्या चौकशी अधिकाऱ्यांनी त्या वेळची नोंद मागितली, आणि नोंदीच्या जागी काहीच नव्हतं. वणव्यानंतर, चँडलरच्या वेळेने शनिवारी सकाळी अकरा चाळीसला, चँडलरच्याच ऑफिसातून कोणीतरी ती पुसली होती.

पुसणाऱ्याचं लॉगिन प्रितमचं होतं.

२

घरी मावशी होती. सुलेखा गजभिये, वय त्रेसष्ट, नागपूर आकाशवाणीतून ड्यूटी ऑफिसर म्हणून निवृत्त. लग्न केलं नाही, बहिणीच्या या मुलाला वाढवलं, आणि थंडीचे तीन महिने त्याच्याकडे राहायला आली होती. अठ्ठावीस वर्षं तिने एकच काम केलं: रेडिओवर जे जाईल ते मिनिटामिनिटाने ऐकायचं आणि लिहायचं. कोणतं गाणं, किती वाजता, कुठे खरखर, कुठे शांतता. ती सवय तिला सुटली नव्हती. चँडलरमध्येही ती संध्याकाळी बागेकडच्या खुर्चीत शाल घेऊन बसायची, फोनवर प्रितमचं बेलारू स्टेशन लावायची आणि वहीत नोंदी करायची. का, असं प्रितमने एकदा विचारलं होतं. कोणीतरी ऐकतंय एवढं तरी तुझ्या गाण्यांना कळू दे, असं ती म्हणाली होती.

प्रितम आत आला तो सरळ हॉलमध्ये जमिनीवर बसला. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली त्याची बॅग पडली होती, ती उचलायचंही त्याला सुचलं नाही. नोकरी गेली तर व्हिसावर देशात राहायला फक्त साठ दिवस. पण तो बोलत होता ते साठ दिवसांबद्दल नव्हतं. तो गेलेल्या बाईबद्दल बोलत होता.

तिचं नाव डॉरीन हॅलोरन. बेलारूच्या स्टेशनवर तिने तीस वर्षं सकाळचा कार्यक्रम केला होता. नव्या मालकांनी स्टुडिओ बंद केला तेव्हा ती घरी बसली, पण रेडिओ तिने सोडला नाही. ल्यूक गावाचं नाव चुकीचं उच्चारतो, असं पहिलं पत्र तिने साउथलाइनला पाठवलं. ते प्रितमकडे आलं, त्याने उच्चार दुरुस्त केला आणि उत्तर दिलं. मग दोन वर्षं पत्रं चालू राहिली. सगळ्या देशात एकच तीनशे गाणी का वाजतात, असं ती विचारायची. आमच्याकडच्या कलाकारांची गाणी नियमाला घाबरून दुपारच्या कोपऱ्यात कोंबता, सकाळी का लावत नाही, असं खडसवायची. प्रितमने जमेल तेवढं ऐकलं होतं.

आता तिच्या मुलीचं, टेसचं पत्र त्याच्या मेलवर येऊन पडलं होतं. आई सामान गाडीत भरून गॅरेजमध्ये बसली होती, असं तिने लिहिलं होतं. गावातून बाहेर पडायला दोन रस्ते. वणव्यात कोणता मोकळा आहे हे रेडिओ सांगेल, तोवर निघू नका, असं आईनेच तीस वर्षं गावाला शिकवलं होतं. ती वाट बघत होती. शेवटी टेसने एकच प्रश्न विचारला होता: इशारा वाजला होता का?

"मी शनिवारी अकरा चाळीसला कुठे होतो, मावशी?" प्रितमने विचारलं.

तो तिला घेऊन इंडियन स्टोअरमध्ये गेला होता. ज्वारीचं पीठ आणायला, रोख पैसे देऊन. साक्षीदार एकच, आणि ती त्याची मावशी.

सुलेखा उठली आणि तिने शुक्रवारची वही काढली. चँडलरमध्ये शुक्रवारची संध्याकाळ होती तेव्हा बेलारूत शनिवारची दुपार होती. जे वाजलं ते सगळं तिने ऐकलं होतं.

३

वहीतली नोंद अशी होती. सात पंचावन्न: ल्यूक, हवामान, 'बेलारूत आज छान ऊन.' आठ: गाणी सुरू. त्यानंतर ल्यूक नाही, जाहिरात नाही, वेळ सांगणं नाही. नुसती गाण्यामागून गाणी. आठ चौतीसच्या पुढे तिने लिहिलं होतं: गाण्यात भोंगा, अग्निशमन गाडीसारखा, बराच वेळ.

प्रितमने ती ओळ दोनदा वाचली. मग त्याने वही खाली ठेवली आणि हात मांडीवर पुसले.

हे गाणं त्याने लावलं नव्हतं. लावणं शक्यच नव्हतं. पहिल्याच उन्हाळ्यात डॉरीनने त्याला एक यादी पाठवली होती, वणव्याच्या दिवसांत बेलारूत न वाजवायच्या गाण्यांची. आगीची गाणी, धुराची गाणी, आणि ज्यांच्यात भोंगा आहे अशी गाणी. तीस वर्षं तिने ती यादी स्टुडिओच्या भिंतीवर चिकटवली होती. घराबाहेर खरा भोंगा वाजायला लागला तर लोकांना वाटेल रेडिओतला आहे, असं तिने लिहिलं होतं. प्रितम डिसेंबरपासून मार्चपर्यंत ती गाणी हाताने बाजूला काढायचा. त्याने शनिवारसाठी केलेली यादी वेगळीच होती. ती काढून कोणीतरी सलग तीन तासांची नवी यादी बसवली होती.

"सगळे कलाकार तिकडचेच होते का?" सुलेखाने विचारलं.

त्याने वहीतली नावं पाहिली. सगळे ऑस्ट्रेलियन, एकूण एक. आठवड्यात वाजलेल्या गाण्यांपैकी ठरावीक वाटा तिकडच्या कलाकारांचा असावा लागतो. आठवडा संपत आला, वाटा कमी पडतोय, म्हणून कोणीतरी शनिवारी दुपारी तो एका दमात भरून काढला होता. त्या वेळी ऐकणारं कोण असतं, असा विचार करून.

गाण्यांच्या यादीला हात लावायची परवानगी ऑफिसात दोघांनाच होती. एक तो स्वतः. दुसरी त्याची मॅनेजर, वल्लरी सबनीस.

"मग वल्लरीच." प्रितम म्हणाला.

सुलेखाने मान हलवली नाही. यादी तूही बदलू शकत होतास, असं ती शांतपणे म्हणाली. कंपनी तेच म्हणणार, आणि लॉगिन तुझंच आहे. तुझा पासवर्ड कोणाला माहीत होता? प्रितमने डोळे मिटले. वल्लरी शरद ऋतूत साडेतीन महिने भारतात होती तेव्हा तिचे साप्ताहिक अहवाल तो पाठवायचा. तो रजेवर असला तरी कोणालाही ते पाठवता यावेत म्हणून त्याचा पासवर्ड ऑफिसातल्या पांढऱ्या फळ्यावर लिहिलेला होता. सगळ्यांनाच माहीत होता.

तेवढ्यात कंपनीचं पत्र आलं. सुलेखाने चष्मा लावून ते सावकाश वाचलं, आणि दुसऱ्या परिच्छेदावर तिचं बोट थांबलं.

"प्रितम," ती म्हणाली, "पुसणाऱ्याने चुकीची फाइल पुसली आहे."

४

पत्रात लिहिलं होतं की बेलारूच्या वेळेप्रमाणे शनिवारी दुपारी दोन ते पाच, म्हणजे चँडलरच्या वेळेप्रमाणे शुक्रवारी रात्री नऊ ते बारा, या काळातल्या नोंदी पुसलेल्या आढळल्या.

पण सुलेखाच्या वहीत तीच गाणी आठला सुरू झाली होती. बेलारूत दोन वाजले तेव्हा चँडलरमध्ये आठ वाजले होते, नऊ नाही. प्रितमला हे पाठ होतं. एप्रिल ते सप्टेंबर सतरा तासांचा फरक. ऑक्टोबरमध्ये तिकडचे लोक घड्याळ तासभर पुढे करतात, अ‍ॅरिझोनात ते कधीच करत नाहीत, म्हणून तेव्हापासून अठरा. डॉरीनला सकाळच्या चहाच्या वेळी मेल मिळावा म्हणून तो रोज हा हिशेब करायचा.

नोंदींच्या फाइली तासातासाच्या, चँडलरच्या वेळेने साठवल्या जात; म्हणजे पुसणारा सतरा धरून चालला होता. त्याने नऊ ते बारा पुसलं. आठ ते नऊचा तास तसाच राहिला असणार, आणि इशारा त्याच तासात आला होता.

तिथे काय लिहिलंय हे बघू शकेल असा एकच माणूस होता. सिद्धेश ओगले, कंपनीच्या सगळ्या यंत्रणेचा इंजिनिअर. तो संध्याकाळी आला, पण बूट काढायच्या आधीच म्हणाला की काकू, मी फार वेळ नाही थांबणार. सुलेखाने त्याला चहा दिला आणि घड्याळाकडे न बघता विचारलं की आता बेलारूत किती वाजले असतील.

"सात दहा. म्हणजे तिकडे उद्या दुपारचा एक दहा." तो लगेच म्हणाला. मग त्याला ऑक्टोबरचा रविवार आठवला. घड्याळं बदलली त्या सकाळी ल्यूकचा कार्यक्रम तासभर उशिरा लागला, आणि अकराही गावांतून तक्रारी आल्या. सिद्धेश मुलीच्या सॉकरच्या मॅचला गेला होता. मैदानावर लॅपटॉप मांडीवर घेऊन त्याने ते दुरुस्त केलं. तेव्हापासून अठरा हा आकडा विसरणं शक्य नव्हतं.

मग पत्रात नऊ ते बारा कसं लिहिलं, असं तिने विचारलं. सिद्धेश कपातल्या सायीकडे बघत राहिला. वल्लरीने त्याला सांगितलं होतं की नऊ ते बारा बघ. त्याने बघितलं. फाइली नव्हत्या, तसं कळवलं.

"आणि आठची?"

"आठची मी उघडलीच नाही, काकू."

का नाही, ते त्याने तुकड्यातुकड्यात सांगितलं. यंत्रणेत 'होल्ड' नावाचं एक बटण होतं, त्यानेच बनवलेलं. ते लावलं की ठरलेल्या वेळात कार्यक्रमात काहीही घुसू शकत नाही. बनवताना त्याने वरच्यांना विचारलं होतं की आगीचे इशारेपण अडवायचे का. उत्तर आलं नाही. त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही, आणि सगळंच अडवलं. आठची फाइल असेल तर तिच्यात हेच दिसेल. त्याला दोन मुलं होती, ग्रीन कार्डची रांग होती.

"मी मारलं तिला, असं लिहिलेलं असेल त्यात." तो म्हणाला.

सुलेखाने त्याला धीर दिला नाही आणि टोचलंही नाही. फाइल किती दिवस राहते, एवढंच विचारलं.

सात दिवस, सिद्धेश म्हणाला. नंतर यंत्रणा आपोआप पुसते. शुक्रवारी संध्याकाळी आठला.

५

बुधवार गेला. सिद्धेशने फोन उचलला नाही. प्रितमने कंपनीचे संचालक मार्क यांना वेळेच्या फरकाबद्दल मेल लिहिला. वकिलांशिवाय बोलू नये, असं दोन ओळींचं उत्तर आलं. टेसला त्याने कळवलं की मला शोधू द्या. तुमच्या गुरुवारी, माझ्या सकाळी अकराला मी फोन करते, असं तिने लिहिलं. आमच्याकडे तेव्हा शुक्रवार असेल, असंही तिने जपून लिहिलं होतं.

गुरुवारी दुपारी साडेचारला वल्लरी सबनीस स्वतः दारात उभी राहिली, हातात तिळाच्या वड्यांचा डबा. चाळिशीची, नीटनेटकी, डोळ्यांखाली काळं. ती प्रितमशी प्रेमाने बोलली. राजीनामा दे, ती म्हणाली. मी मार्कला सांगते, शिफारसपत्र चांगलं मिळेल, फ्रिस्को शहरातल्या कंपन्यांत माझ्या ओळखी आहेत. चौकशी लांबली तर तुझं नाव तिकडच्या पेपरात येईल. ती खरंच त्याच्या भल्याचं बोलतेय असं वाटत होतं, आणि सुलेखाला त्याचीच जास्त भीती वाटली.

तिने वल्लरीला बागेकडच्या खुर्चीत बसवलं. शेजारच्याच्या संत्र्याच्या झाडाची फांदी कुंपणावरून आत आली होती. ऊन उतरत होतं. सुलेखाने तिच्या आईची चौकशी केली. वल्लरीचा चेहरा सैल झाला. सप्टेंबरच्या मध्याला ठाण्याला गेले, ती म्हणाली. आई डिसेंबरात गेली. तीन जानेवारीला परत आले, तर इथे सगळं तुंबलेलं, तिकडच्या मालकांचे रोज मेल की गेल्या महिन्यात ऑस्ट्रेलियन गाण्यांचा वाटा दोनदा कमी भरला, पुन्हा झालं तर स्टेशनं दुसऱ्या कंपनीला देऊ.

बोलता बोलता सुलेखाने सांगितलं की डॉरीनची मुलगी फोन करणार आहे, तिच्या सकाळी अकराला.

वल्लरीने मनगटावर नजर टाकली. "आत्ता पाच व्हायला आलेत. म्हणजे तिकडे दहा. अजून तासभर आहे, तोवर आपलं ठरवून घेऊ या. तिच्याशी काय बोलायचं तेही."

आत प्रितमचा फोन वाजू लागला.

त्याने तो उचलला. नाव ऐकू येण्याइतक्या मोठ्याने म्हणाला, "टेस." मग उद्या याच वेळेला करा, एवढं सांगून ठेवून दिला. फोनवर पाच वाजले होते.

वल्लरी अजून घड्याळाकडेच बघत होती; चूक कुठे झाली ते ती मनात मोजत होती, आणि सुलेखाने तिला मोजू दिलं.

"तू गेलीस तेव्हा फरक सतराचा होता," सुलेखा म्हणाली. "तू तिकडे असताना तो अठरा झाला. सिद्धेशला हे ठाऊक होतं, प्रितमला रोज लागायचं. ऑफिसात सतरा धरणारी तू एकटी उरलीस, वल्लरी. ती गाण्यांची यादी प्रितमची नाही, हे तिच्यातल्या एका गाण्यावरून दिसतं, आणि सिद्धेशला यादी बदलता येत नाही. मग ती तुझी. आणि नऊ ते बारा हेही तुझंच."

वल्लरीने नाकारलं नाही. तिचा आवाज अगदी खाली आला.

"मी फक्त गाणी लावली होती, मावशी. शुक्रवारी दुपारी. मध्ये काही घुसलं की मोजणी बिघडते, म्हणून होल्ड लावला. तिकडे आग लागणार आहे हे मला माहीत होतं का?"

"नव्हतं."

"शनिवारी सकाळी बातमी वाचली आणि..." ती थांबली. "माझे हात आपोआप चालत होते."

"आणि फळ्यावर याचा पासवर्ड होता," सुलेखा म्हणाली.

यावर वल्लरी प्रितमकडे वळली. तो दारात उभा होता. मग तिने डबा टेबलावर तसाच ठेवला आणि पर्स उचलली. फाटकापाशी पोचल्यावर तिचा आवाज पुन्हा ऑफिसातला झाला. हे सगळं तुमचं म्हणणं आहे, ती म्हणाली. कागदावर काहीच नाही. आणि उद्या संध्याकाळनंतर असणारही नाही.

आठची फाइल उरली आहे हे तिलाही आता कळलं होतं. ते तिला सुलेखानेच कळवलं होतं.

६

शुक्रवारी सकाळपासून सुलेखा त्याच गोष्टीने अस्वस्थ होती. सत्य तिने काढलं होतं, पण काढताना ते समोरच्याच्या हातातही दिलं होतं. वल्लरीला फक्त ऑफिसात जाऊन एक कळ दाबायची होती. प्रितमने सिद्धेशला सात फोन केले. एकदाही उचलला गेला नाही. दुपारी तीनला त्याने मेसेज पाठवला की डॉरीनच्या मुलीला पाच वाजता मी काय सांगू, तूच सांग. मेसेज वाचल्याची खूण आली. उत्तर नाही.

पावणेचारला सिद्धेशची गाडी दारात थांबली. लॅपटॉप त्याने छातीशी धरला होता. आत आल्यावर त्याने सांगितलं की वल्लरी सकाळी त्याच्या टेबलाशी आली होती. आठची फाइल काढून टाक, असं ती म्हणाली. तिने स्वतः काढली नव्हती. पुन्हा आपल्या हाताने ते करायला ती धजली नसावी. आणि म्हणून तिने त्याला सांगितलं. तो हो म्हणाला होता. मग त्याने फाइलची प्रत काढली, चौकशी अधिकाऱ्यांचा पत्ता शोधला, आणि तीन तास पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिला.

तिघांनी जेवणाच्या टेबलावर ती उघडली.

सगळं तिथे होतं. होल्ड लावला: वल्लरी सबनीस, चँडलर, शुक्रवार, दुपारी बारा दहा. लपवण्यासारखं काही नव्हतं तेव्हा तिने स्वतःच्याच नावाने लावला होता. त्याखाली बेलारूच्या वेळेने गाणी ओळीने. मधेमधे लाल अक्षरं. दोन एकवीस: इशारा आला, अडवला. दोन छत्तीस: इशारा आला, अडवला. त्या छत्तीसच्या इशाऱ्याचा मजकूरही यंत्रणेने जपला होता: दक्षिणेचा रस्ता मोकळा आहे, लगेच निघा. त्या वेळी भोंग्याचं गाणं चालू होतं. दोन एकावन्न: इशारा आला, अडवला.

प्रितम उठून सिंकपाशी गेला आणि नळ सोडून उभा राहिला. सिद्धेशने खुर्ची सरकवली, पुन्हा जवळ ओढली. मग त्याने चौकशी अधिकाऱ्यांना पाठवायचा मेल उघडला, फाइल जोडली, होल्ड आपण बनवला आणि आगीचे इशारे अडवायचे का हे दुसऱ्यांदा विचारलं नाही, हेही चार ओळींत लिहिलं, आणि पाठवून दिलं. त्याचं बोट कळीवरून उठायला वेळ लागला.

पुढे जे व्हायचं ते झालं. वल्लरीने चौकशीत सगळं कबूल केलं. सिद्धेशला कंपनीने काढलं, पण तिकडच्या अधिकाऱ्यांनी त्याची साक्ष सगळ्यांत आधी घेतली. प्रितमवरचा आरोप एका ओळीच्या पत्राने मागे घेतला गेला. त्याने ती नोकरी सोडली आणि दोन महिन्यांच्या आत फ्रिस्कोत दुसरी धरली. होल्डमधून आगीचे इशारे वगळले गेले. बेलारूचं स्टेशन बंद पडलं. उरलेल्या दहा गावांत ल्यूक अजून बोलतो.

पण हे सगळं नंतरचं. त्या शुक्रवारी पाचला दहा मिनिटं कमी होती, आणि सुलेखाचं लक्ष फाइलच्या अगदी उजवीकडच्या रकान्यावर गेलं होतं.

तो कशाचा, असं तिने विचारलं. फोनच्या अ‍ॅपवरून किती जण ऐकत होते त्याचा, सिद्धेश म्हणाला. गावातले लोक साध्या रेडिओवर ऐकतात, ते यात मोजले जात नाहीत. टेकडीवरचा ट्रान्समीटर दोन चाळीसला जळाला, त्यानंतर मात्र अ‍ॅपशिवाय कुठेच ऐकू येत नव्हतं.

दोन चाळीसच्या पुढे आकडा होता: दोन. दोन एक्केचाळीस, दोन. बेचाळीस, दोन. सुलेखा बोटाने खाली येत गेली. एकावन्नपर्यंत दोन. बावन्नला एक. आणि मग पानाच्या शेवटपर्यंत एकच.

फोन पाचला वाजला. प्रितमने तो टेबलावर मध्ये ठेवला आणि टेसला सगळं सांगितलं. काहीही वगळलं नाही, भोंग्याचं गाणंसुद्धा. पलीकडे ती मधून मधून फक्त हं म्हणत होती. मोबाइलचं नेटवर्क गेलं होतं, ती म्हणाली, पण आईच्या छपरावर सॅटेलाइट इंटरनेटची डिश होती. अग्निशमन खात्याचं पान उघडत नव्हतं. आईचा फोन गाडीच्या डॅशबोर्डवर सापडला. मग तिने विचारलं की आई ऐकत होती का, आणि कुठपर्यंत.

प्रितमने फोन मावशीकडे सरकवला. सुलेखा पुढे झुकली. तिचं इंग्रजी सावकाश होतं, बातम्या वाचल्यासारखं.

ती दोन बावन्नपर्यंत ऐकत होती, सुलेखाने सांगितलं. शेवटची बारा मिनिटं ते स्टेशन फक्त दोघीच ऐकत होत्या. दुसरी मी होते.

मग टेसने विचारलं, "तुम्हाला काय ऐकू आलं?"

"गाणी," सुलेखा म्हणाली. "एकही खंड नाही, खरखर नाही. तिकडे सगळं ठीक चाललंय असं मला वाटलं."